करमणे आणि भोवताल : कासारवाडीच्या निमित्ताने

'इथं मला करमत नाही' हे वाक्य मराठी माणसाने आयुष्यात केव्हा ना केव्हा उच्चारलेले असते. नव्याने सासरी आलेली मुलगी, वसतिगृहात पहिले सत्र काढणारा विद्यार्थी, बदलीच्या गावी रुजू झालेला शिक्षक, गावाकडचे घर बंद करून मुलाकडे राहायला आलेले आईवडील, हे सारे आपली अवस्था सांगताना याच क्रियापदाचा आधार घेतात. या वाक्याची रचना पाहण्याजोगी आहे. 'मी रमलो' असे म्हणताना कर्ता 'मी' असतो. रमण्याचे श्रेय माझे असते आणि न रमण्याचा दोषही माझाच. 'मला करमत नाही' या वाक्यात 'मी' कर्त्याच्या जागी नाही. भूक लागावी, थंडी वाजावी, आठवण यावी, तसे न करमणे माझ्या वाट्याला येते. शिवाय या वाक्यात 'इथं' हा शब्द बहुधा असतोच. मनाच्या अवस्थेचा जागेशी संबंध असतो ही गोष्ट आपल्या भाषेने मानसशास्त्राची वाट न पाहता व्याकरणातच नोंदवून ठेवली आहे. मनोरंजनाला आपण 'करमणूक' म्हणतो तो शब्दही याच क्रियापदापासून आला, आणि हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली सुरू केलेल्या आपल्या साप्ताहिकाला तेच नाव दिले.

भोवतालाचा मनःस्वास्थ्यावर होणारा परिणाम हा विषय अलीकडे बराच चर्चेत असतो. त्या चर्चेत झाडे, उजेड, मोकळी हवा, शांतता अशी एक यादी येते आणि ती वाजवीच आहे. परंतु यादी संपल्यावर इतिहासाच्या अभ्यासकाला विचारावासा वाटणारा प्रश्न शिल्लक राहतो. चांगल्या भोवतालाचे महत्त्व लोकांना जर पूर्वीपासून ठाऊक होते, तर तो कोणाच्या वाट्याला आला आणि कोणाच्या वाट्याला आला नाही? हा प्रश्न आम्ही येथे एका लहानशा जागेच्या आधारे विचारू इच्छितो. ती जागा म्हणजे पिंपरी-चिंचवडमधील कासारवाडी.

पुणे-लोणावळा लोकलने जाणाऱ्यांना कासारवाडी हे दापोडी आणि पिंपरी यांच्या मधले एक स्थानक म्हणून माहीत असते. एका बाजूला मुंबई-पुणे रस्ता, दुसऱ्या बाजूला पवना नदी आणि या दोहोंच्या मधून गेलेला लोहमार्ग, अशी तिची साधारण बैठक आहे. येथूनच जवळ नाशिक फाट्यावर नाशिकचा रस्ता मुंबई-पुणे रस्त्यापासून वेगळा होतो आणि भोसरी, चाकणकडे जातो. फाट्यावर आता जे. आर. डी. टाटा यांच्या नावाचा दुमजली उड्डाणपूल आहे. ६ मार्च २०२२ पासून मेट्रोही धावू लागली आणि कासारवाडीला मेट्रोचे स्थानक मिळाले. नावात 'कासार' आहे आणि 'वाडी' आहे. बांगड्यांचा आणि भांड्यांचा व्यवसाय करणाऱ्या जातीचे नाव आणि लहान वस्तीचा वाचक शब्द यांनी मिळून झालेले हे ग्रामनाम आज उड्डाणपूल, लोहमार्ग आणि मेट्रो यांच्या फलकांवर वाचायला मिळते.

या पट्ट्याचा भोवताल घडवणारी पहिली मोठी गोष्ट म्हणजे रस्ता. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८३० साली, बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि मुंबई व पुणे ही दोन शहरे चाकांनी जोडली गेली. याच माल्कम यांच्या कारकिर्दीत कासारवाडीच्या शेजारच्या दापोडीला आणखी एक गोष्ट घडली, जिची आठवण आज फारशी कोणी काढत नाही. दापोडीला कॅप्टन फोर्ड या इंग्रज अधिकाऱ्याची मालमत्ता होती. पेशव्यांसाठी उभारलेल्या कवायती पलटणीचा तो प्रमुख होता, आणि नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत तो इंग्रजांच्या बाजूने उतरला. ती मालमत्ता पुढे मुंबई सरकारने घेतली, आणि तेथे गव्हर्नरचे पावसाळी निवासस्थान व त्याला लागून वनस्पती उद्यान आकारास आले. मुंबईतला दमट पावसाळा साहेबांना मानवत नसे. दख्खनच्या पठारावरचा कोरडा, सौम्य पाऊस मानवे. 'हवा मानवणे' हा आपला जुना वाक्प्रचार वसाहती राज्यकर्त्यांनी शासकीय खर्चाने अमलात आणला, असे म्हणता येईल.

या उद्यानाचे अधीक्षकपद १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे होते. गिब्सन पेशाने वैद्य. लष्करी रुग्णालयांना लागणाऱ्या औषधी वनस्पतींची लागवड दापोडीला आणि जुन्नर भागातील हिवरे येथे त्यांच्या देखरेखीखाली होत असे. पुढे १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले, आणि जंगलतोडीमुळे हवापाण्यावर अनिष्ट परिणाम होतो असे सरकारला बजावणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते. त्यांनी दापोडीच्या बागेतील वनस्पतींची रंगीत चित्रे एका स्थानिक चित्रकाराकडून काढून घेतली. ती चित्रे आज एडिंबरा येथील राजकीय वनस्पती उद्यानात जतन केलेली आहेत आणि हेन्री नोल्टी यांनी २००२ साली त्यांवर सविस्तर ग्रंथ लिहिला आहे. गिब्सन यांचे नाव ग्रंथाच्या शीर्षकात आहे. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय वंशाचा असावा एवढेच अनुमान करता आले. त्याचे नाव नोंदलेले नाही. बाग कोणाची आणि बागेत राबणारे कोण, हा भेद कागदपत्रांत असा उमटलेला आहे.

म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, कासारवाडीपासून हाकेच्या अंतरावर, झाडी, हवा आणि प्रकृती यांच्या संबंधाची पूर्ण जाणीव असणारी माणसे राहत होती. त्या जाणिवेतून जी सावली निर्माण झाली ती कुंपणाच्या आतली होती. १८५८ साली खंडाळा ते पुणे लोहमार्ग सुरू झाला. पुढे हीच वाट पुण्याच्या सुखवस्तू घरांसाठी लोणावळा-खंडाळ्याला 'हवापालटा'साठी जाण्याची वाट झाली. वाटेवरच्या वाड्यांना हवा पालटण्याची सोय नव्हती. त्यांच्या हवेत इंजिनाच्या धुराची तेवढी भर पडली.

गव्हर्नरांनी १८६० च्या दशकात दापोडी सोडली. सर बार्टल फ्रियर यांनी गणेशखिंडीत भव्य प्रासाद उभारायला घेतला आणि पावसाळी मुक्काम तिकडे गेला. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा गणेशखिंडीचा तो प्रासाद व भोवतालची झाडी विद्यापीठाकडे आली. या लेखाच्या वाचकांपैकी कित्येकांनी त्या झाडांखाली बसून परीक्षेची तयारी केली असेल, कविता वाचल्या असतील, नोकरीची चिंता केली असेल. एका माणसाच्या प्रकृतीसाठी राखलेली सावली हजारो विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडू शकते याचे इतके जवळचे उदाहरण दुसरे नाही. दापोडीच्या वाट्याला मात्र कालांतराने राज्य परिवहनाची मध्यवर्ती कार्यशाळा आणि लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विस्तीर्ण, साहजिकच बंदिस्त, परिसर आला. रस्त्याच्या या अंगाला आजही जी दाट झाडी दिसते ती बरीचशी भिंतीपलीकडची आहे.

स्वातंत्र्यानंतरचा अध्याय अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण त्यात सद्भाव भरपूर होता. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत पिंपरीला झाली. आपला सबंध भोवताल एका रात्रीत गमावलेली माणसे या माळावर आली आणि त्यांनी तेथे बाजारपेठ उभी केली. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिलेला हा कारखाना पेनिसिलिन तयार करू लागला. त्याच्यासोबत कामगारांची वसाहत, शाळा, मैदान आले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी परिसरात कारखान्यांची रांग लागली. कासारवाडीतही रस्त्यालगत फोर्ब्ज मार्शलसारखा कारखाना आला. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत सुमारे १० लाख असलेली शहराची लोकसंख्या २०११ मध्ये १७ लाखांच्या पुढे गेली.

याच काळात टेल्कोच्या पुण्यातील प्रकल्पाची उभारणी सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली झाली. ओसाड माळावर यंत्रांच्या बरोबरीने झाडे लावण्याचा आणि पाण्याचे तळे राखण्याचा त्यांनी आग्रह धरला. त्या तळ्याला पुढे 'सुमंत सरोवर' हे नाव मिळाले आणि तेथे पक्षी येऊ लागले. लोखंड तासणाऱ्या माणसाच्या नजरेला पाणी आणि हिरवे पान दिसले पाहिजे हा विचार त्या काळात दुर्मीळ होता, आणि त्याचा गौरव व्हायलाच हवा. परंतु हे सरोवरही कारखान्याच्या फाटकाच्या आत आहे. पाळी संपली की कामगार कंपनीच्या बसमध्ये बसतो आणि जेथे उतरतो तेथे त्याचा स्वतःचा भोवताल सुरू होतो. तो भोवताल कासारवाडीसारख्या वस्त्यांचा असतो.

मराठवाड्यातून, खानदेशातून, कोकणातून, विदर्भातून आणि पुढे उत्तर भारतातून आलेल्या माणसांनी या वस्त्या भरल्या. मूळ गावठाणाच्या भोवती चाळी झाल्या, चाळींच्या जागी इमारती आल्या, रस्त्याच्या आणि लोहमार्गाच्या कडेने झोपड्या उभ्या राहिल्या. 'गाव-गाडा' (१९१५) या ग्रंथाचे कर्ते त्रिंबक नारायण आत्रे यांच्या परिचयाचे जे गाव होते त्यात 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन भाग असत. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. माणूस पांढरीत राही आणि काळीत राबे, आणि दोन्हींशी त्याचे नाते एकाच पायवाटेने जोडलेले असे. त्या व्यवस्थेतील जातीचा जाच विसरून तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. गावकुसाबाहेर ज्यांना राहावे लागले त्यांना ती पांढरी कधी आपली वाटली नाही, आणि त्यांच्यातील अनेकांना कारखान्याचा पट्टा सुटकेचा वाटला. हे मान्य करूनही असे दिसते की औद्योगिक पट्ट्यात राहणे आणि राबणे यांच्यामधली पायवाट तुटली. दिवाळीला आणि गावच्या जत्रेला खोल्यांना कुलपे लागतात. कोणी विचारले तर उत्तर येते, 'गावाला चाललो.' वीस-वीस वर्षे येथे राहिलेला माणूसही 'गाव' हा शब्द या जागेसाठी वापरत नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. माणसे पोटासाठी आली. त्यांना सावलीहून पगार महत्त्वाचा होता. नियमित पगाराने जे मनःस्वास्थ्य दिले ते कोणत्याही बागेने दिले नसते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचे उदाहरण या आक्षेपाला बळ देते. हा कारखाना पुढे आजारी उद्योगांत गणला गेला आणि २०१० नंतरच्या दशकात कामगारांचे पगार महिनोन्‌महिने थकले. वसाहतीतली झाडे तीच होती, सावली तीच होती, तिच्याखाली बसलेल्या माणसाचे मन मात्र थाऱ्यावर नव्हते. म्हणून झाडांना सर्वरोगहारी औषध मानणे आम्हांला पटत नाही. भोवताल म्हणजे केवळ दृश्य नव्हे. उद्याची शाश्वती हाही भोवतालाचाच भाग आहे.

तरीही पगार असलेल्या माणसावर भोवतालाचा परिणाम होतोच, आणि तो मोजताही येतो. रॉजर उलरिक या अभ्यासकाने १९८४ साली प्रसिद्ध केलेले एक लहानसे निरीक्षण आता सर्वत्र उद्धृत होते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. नमुना लहान होता हे खरे. पण खिडकीबाहेर काय आहे हा प्रश्न त्यानंतर वैद्यकाला टाळता आला नाही.

कासारवाडीच्या संदर्भात याहून अधिक बोलका अभ्यास आवाजाचा आहे. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ साली न्यूयॉर्कमधील एका शाळेचा अभ्यास केला. शाळेच्या एका बाजूने उन्नत लोहमार्ग जात होता. त्या बाजूच्या वर्गांतील मुले वाचनात शांत बाजूच्या मुलांपेक्षा मागे पडलेली आढळली. मुले त्याच शाळेची, अभ्यासक्रम तोच, फरक भिंतीचा. पुढे रुळांखाली रबरी पट्ट्या बसवल्या गेल्या, वर्गांच्या छतांना ध्वनिशोषक आच्छादन केले गेले, आणि काही वर्षांनी पुन्हा पाहणी केली तेव्हा तो फरक नाहीसा झाला होता. लोहमार्गालगतच्या वस्तीतील मुलांच्या 'एकाग्रतेच्या अभावा'बद्दल तक्रार करणाऱ्या आपल्यासारख्या अध्यापकांनी हा अभ्यास जरूर ध्यानी ठेवावा. मुलाच्या आळसाचा म्हणून आपण जो दोष नोंदवतो तो काही वेळा रुळांचा असतो.

आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, औद्योगिक भागात दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल, अशा मर्यादा त्यांत आहेत. कागदावर निवासी आणि औद्योगिक असे दोन वेगळे रकाने आहेत. महामार्ग, लोहमार्ग, कारखाना आणि राहती खोली एकमेकांना चिकटून असलेल्या ठिकाणी माणसाची झोप कोणत्या रकान्यात मोजायची?

याच विषयावरचा डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांचा प्रयोग आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९७२ साली ग्रंथरूपाने त्याचे निष्कर्ष आले. काही व्यक्तींना मोठ्या, अनियमित आवाजात काम करायला बसवले. त्यांपैकी एका गटाला सांगितले की असह्य झाल्यास हे बटण दाबा, आवाज थांबेल. पण शक्यतो दाबू नका. त्या गटातील बहुतेकांनी बटण दाबलेच नाही. म्हणजे आवाज दोन्ही गटांनी सारखाच सोसला. परंतु नंतर दिलेल्या कामांत बटणवाला गट अधिक चिकाटीचा ठरला आणि त्यांच्या चुका कमी झाल्या. आवाज बंद करण्याची सत्ता आपल्या हाती आहे एवढ्या जाणिवेने त्यांचे मन राखले गेले होते. भोवतालाचा मनावरील परिणाम आवाजाच्या मोजमापाइतकाच त्या भोवतालावर आपले काही चालते की नाही यावर अवलंबून असतो, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

या निष्कर्षाची साक्ष कासारवाडीच्या रस्त्यावर दरवर्षी मिळते. आषाढी वारीसाठी देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम आटोपून पुण्याकडे निघते तेव्हा पिंपरी, कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी अशा वाटेने जाते. त्या दिवशी रस्त्यावर गर्दी काही कमी नसते. टाळ, मृदंग, ध्वनिक्षेपक, स्वागतकक्ष, खिचडी-केळ्यांचे वाटप, पावसाची सर, चिखल, सारे असते. डेसिबल मोजले तर कदाचित नेहमीच्या वाहतुकीहून कमी भरणार नाहीत. पण त्या आवाजाने कोणाचे डोके उठले असे ऐकू येत नाही. म्हाताऱ्याकोताऱ्या माणसांना दारात खुर्ची टाकून बसवले जाते. एरवी ज्या रस्त्याकडे पाठ करून घरे उभी असतात त्या रस्त्याकडे त्या दिवशी तोंड करून माणसे बसतात. वर्षातील एक दिवस रस्ता चालणाऱ्यांचा होतो. त्यावर आपले काही चालते असे रस्त्याकाठच्या लोकांना त्या दिवशी वाटते, आणि तेवढ्याने तोच भोवताल वेगळा लागतो.

पालखी ज्यांची, त्या तुकोबांचे चरित्रही याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. दुष्काळ, घरातील मृत्यू, बुडालेला व्यवसाय यांनी पोळलेले तुकोबा एकांतासाठी भामचंद्र आणि भंडारा या डोंगरांवर जात असत अशी परंपरा सांगते. झाडांना आणि पाखरांना आप्त मानणारा त्यांचा अभंग शाळेपासून आपल्या पाठात असतो. आपण तो निसर्गकाव्य म्हणून शिकवतो. वस्तुतः तो एका दुखावलेल्या माणसाने आपला भोवताल स्वतः निवडल्याचा दस्तऐवज आहे. ज्या भामचंद्र डोंगरावर तुकोबा बसले त्याच्या परिसरात आज चाकणची औद्योगिक वसाहत येऊन भिडली आहे, आणि डोंगराचे पावित्र्य व शांतता राखावी म्हणून वारकऱ्यांना आंदोलने करावी लागली आहेत. वारकऱ्यांची मागणी धार्मिक भाषेत आली, पण तिच्या मुळाशी असलेला प्रश्न कासारवाडीच्या खिडकीपाशी बसलेल्या माणसाचाच आहे: मन निवावे अशी एखादी जागा सर्वांसाठी मोकळी राहील की नाही?

आता साहित्याकडे येऊ. मराठी साहित्याने जागांना नावानिशी अमर केले आहे. 'बनगरवाडी' (१९५५), 'वासूनाका' (१९६५), 'गोलपिठा' (१९७२) ही पुस्तकांची नावे मुळात जागांची नावे आहेत, आणि त्या पुस्तकांत जागा ही पात्रांइतकीच कर्ती आहे. मुंबईच्या गिरणगावाला अण्णा भाऊ साठे, नारायण सुर्वे यांच्यापासून जयंत पवारांच्या 'अधांतर'पर्यंत लेखक लाभले. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातील एखाद्या वाडीचे नाव मात्र अशा रीतीने वाचकांच्या तोंडी रुळलेले आम्हांला आढळत नाही. याचे कारण लेखकांच्या प्रतिभेत शोधण्यापेक्षा भोवतालात शोधावे. गिरणगावात गिरणी, चाळ, खानावळ, व्यायामशाळा, भजनी मंडळ आणि शाहिराचा फड चालण्याच्या अंतरावर होते. कामाच्या जागेचे दुःख संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत बोलले जाई. या पट्ट्यात कारखाना एकीकडे, घर दुसरीकडे आणि मध्ये कंपनीची बस. शेजारच्या खोलीतला माणूस दुसऱ्या कारखान्यात, दुसऱ्या पाळीला. एकत्र बसून बोलण्याची जागा नसेल तर अनुभव असूनही त्याची गोष्ट होत नाही. करमण्यासाठी जसा भोवताल लागतो तसा न करमल्याचे सांगण्यासाठीही लागतो.

जानेवारी २०१६ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरीला झाले. ते भरले होते हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या मैदानावर, आणि सारा महाराष्ट्र तेथे लोटला होता. एका कारखान्याचे मैदान चार दिवस सर्वांचे झाले. निगडीच्या दुर्गा टेकडीवर पहाटे फिरायला जाणाऱ्यांची गर्दी पाहिली, भोसरीच्या तळ्याकाठी संध्याकाळी बसलेली कुटुंबे पाहिली, की भिंत नसलेल्या सावलीची या शहराला किती भूक आहे हे कळते. अशा जागा वाढल्याही आहेत, हे नमूद केले पाहिजे.

प्रश्न त्या कोठे वाढाव्यात हे ठरवण्याचा आहे, आणि येथे ग्लास-सिंगर यांच्या बटणाची पुन्हा आठवण होते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये शहराचा विकास आराखडा मंजूर होण्यापूर्वी तो प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. २०२५ साली पिंपरी-चिंचवडचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा अशा हरकती हजारोंनी आल्या. गव्हर्नरांच्या काळातील दापोडीकरांना जे बटण नव्हते ते आजच्या कासारवाडीकरांना आहे; ते दाबल्यावर आवाज थांबतोच असे नाही, तरी आहे. हरकत नोंदवताना सर्वे क्रमांक लिहिता येतो, आरक्षणाचा प्रकार लिहिता येतो, बाधित क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहिता येते. 'येथे मुलांना अभ्यासाला बसवत नाही', 'आईला संध्याकाळी टेकायला जागा नाही', 'येथे करमत नाही' हे लिहिण्यासाठी रकाना नाही, आणि तसे लिहिले तर ते गांभीर्याने घेतले जाईल अशी भाषाही अद्याप घडलेली नाही.

ही भाषा घडवणे हे नगररचनाकारांपेक्षा साहित्याच्या विद्यार्थ्यांचे काम अधिक आहे. या पट्ट्यातील महाविद्यालयांत मराठी शिकणारी मुले याच वस्त्यांतून येतात. निबंधासाठी 'निसर्गरम्य खेडे' हा विषय देण्याऐवजी त्यांना आपल्या खोलीतून दिवसभरात ऐकू येणारे आवाज क्रमाने लिहायला सांगावेत. आजीला विचारावे की या वाडीत ती प्रथम आली तेव्हा तिला करमायला किती दिवस लागले, आणि कशामुळे करमू लागले. त्या उत्तरांत एखादी विहीर येईल, शेजारीण येईल, एखादे पाडलेले झाड येईल, पहिल्या पगाराचा दिवस येईल. अशा नोंदी दहा वर्षे जमत गेल्या तर कासारवाडीचा इतिहास तयार होईल, आणि पुढच्या आराखड्यावर हरकत घेणाऱ्याच्या हाती नकाशाखेरीज आणखीही एक पुरावा असेल.